ताटावर बसून विचारायचं कसं

…आणि घरात बायको, सबिना, मलाच विचारती, ‘वीस वर्षं पंप न् पाइप विकताय, तुम्हाला मालातनं उगवलेलं गवत दिसलं न्हाय व्हय?’ दिसलं की. गुडघ्याएवढं होतं. पण वाढलेल्या ताटावर बसून माणसानं विचारायचं कसं, ते तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगतो, हे शेअरचं खूळ मला लागलं बाळासो सरांमुळं. शिवाजी पेठेत माझ्या दुकानाच्या वरच राहत्यात. मुंबईत तीस वर्षं लोकांचा पैसा कुठं घालायचा ते ठरवलेला माणूस, पण आता दोन्ही गुडघे गेल्यात. मला म्हणाले, ‘खिजर, टिपा विचारू नको. कंपनीचा अहवाल मागनं वाच, खरं ते बारीक अक्षरात असतंय. मग दारात जाऊन बघ.’ दोन वर्षं दर रविवारी बसवलं, बारीक अक्षरापायी माझा चष्मा दोनदा बदलला, आणि एक दिवस म्हणाले, ‘आता तू माझे पाय. कोडोलीकडं पंपाचे भाग ओतणारी एक कंपनी हाय. शेअर स्वस्त हाय, पण न खपलेला माल वर्षात दुप्पट झालाय. का, एवढंच विचारून ये. बरं असलं तर ऑपरेशनसाठी ठेवलेलं सगळं त्यात घालतो.’

एकच प्रश्न. गाडीवर पाठ करत गेलतो.

आधी फोन केलेला, आपल्यात न सांगता कोण जातं? गेटातनं आत शिरलो तर भिंतीकडंला पंपाच्या भागांची ही थप्पी, गंजलेली, मधनं गवत वर आलेलं. तेवढ्यात मालक हात पसरून पुढं. ‘या पावणं, आधी जेवायचं.’ म्हटलं, मालक, एक विचारायचं होतं. ‘प्रश्न काय पळून जातोय व्हय? मटण तुमच्यासाठी मुद्दाम मुलाण्याकडनं, हलालचं आणलंय.’ आता बोला. वाढायला त्यांची आई, ऐंशीची म्हातारी, ‘लेकरा, पांढरा रस्सा घे की अजून,’ आणि त्या माउलीसमोर मी म्हणू, तुमच्या पोराचा माल खपंना का? ताटावर बसून विचारायचं कसं? आणि जेवल्यावर विचारावं म्हटलं तर तोवर मीठ पोटात गेलेलं…

परत आलो. सर म्हणाले, ‘काय बघितलंस?’ म्हणालो, ‘माणसं लई चांगली हाईत सर.’ खोटं न्हाय ते. ‘तू बघितलंस ना? मग झालं,’ म्हणाले, आणि सगळे पैसे घातले.

आठ महिन्यांत कंपनीला कुलूप. ऑपरेशन राहिलं. सरांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता ते जिना उतरत्यात, एक पायरी… थांबत्यात… दुसरी पायरी… आणि मी खाली गिऱ्हाइकाला पाइप कापून देत सगळ्या पायऱ्या ऐकतो.

गेल्या रविवारी ठरवूनच वर गेलतो, आज सगळं सांगून मोकळं व्हायचं. बसतोय तोवर सरांच्या मंडळी, बनाबाई काकू, यांनी पोह्याची बशी पुढं ठेवली, वर ओलं खोबरं. सर जरा वेळानं म्हणाले, ‘खिजर, तिथं तुला खरंच काय वावगं दिसलं न्हवतं का रे?’

दोन घास खाऊन झालते माझे.

म्हणालो, ‘काकू, पोहे अजून थोडं वाढा की.’