मेढीजवळचा बैल

(पौडजवळचं एक खळं, सन १९६०. जेवणं उरकून बहिरू, त्याची बायको धोंडाबाई आणि मॅट्रिक झालेली लेक सारजा आभाळाकडं बघत बसलेत.)

बहिरू : एवढी मोठी अमेरिका, अन् आभाळात सोडला काय, तर फुगा!

सारजा : चकाकता फुगा, आप्पा. तिन्हीसांजंला गेला, तुमीच बघितला की.

बहिरू : बघितला. पर दोन तासांत पिरथमीला फेरा मारून परत येतोय, ही थाप हाय.

सारजा : आला, तर मी पुण्याला मास्तरणीचं शिकायला जानार. तुमीच पैज लावलीया.

बहिरू : लावली. न्हाई आला तर हितंच ऱ्हायचं. अगं, मळणीत बघ. मधल्या खांबाजवळचा, मेढीजवळचा बैल डुलत चालतो, भायेरचा पळतो, पर फेरा संगंच पुरा करत्यात. चांदाला महिना लागतो, तर ह्यालाबी महिनाच लागनार.

सारजा : बैल एका दाव्याला हायेत, आप्पा. वर दावं न्हाई, जो तो सुटा.

बहिरू : मग पडत का न्हाई?

सारजा : पडतोयच की. गोफणीचा दगड जोरात मारला तर लांब पडतो. लईच जोरात मारला, तर त्यो जसजसा खाली येतो तसतशी गोल जमीनबी खाली वळती. पडतोय, पर टेकत न्हाई.

धोंडाबाई : तुज्या आप्पाच्या उगारलेल्या हातावानी. आजवर एकदाबी टेकला न्हाई.

सारजा : अन् जवळच्याला पिरथमी जास्ती ओढती. पडायचं नसंल तर त्याला पळायलाच लागतं. लांबचा चांद निवांत.

बहिरू : म्हंजी मेढीजवळचाच पळतोय? उलटीच मळणी म्हनायची.

धोंडाबाई : खरं सांगा की. फुग्याशी तुमचं काय वाकडं? लेक जाती म्हनून आज भाकर उतरली न्हाई घशाखाली.

बहिरू : किती वाजलं गं, सारजे?

सारजा : शाळंच्या मास्तरांकडनं मागून आणलेल्या घड्याळात नवाला पाच कमी.

बहिरू : दोन तास होऊन गेलं. चला, झोपा आता.

धोंडाबाई : आवं, डोंगराच्या डोक्यावर बघा.

बहिरू : तारा हाय त्यो.

धोंडाबाई : तारा चालतो व्हय?

बहिरू : सारजे...

सारजा : जी.

बहिरू : हितनं पुणं किती मैल?

सारजा : वीस असंल.

बहिरू : म्हंजी जवळच.

सारजा : व्हय, आप्पा. जवळच.

बहिरू : मग जवळचं बिगीबिगी परत येतं म्हन्लीस, तेवढं ध्यानात ठेव.