पंखा माझा, भिंत माझी

...आणि काय ऐकावं मी, सांगा बघू? जिन्यात भाजीची पिशवी टेकवून जरा दम खात होते, कुणाचं ऐकायला म्हणून नव्हते हो थांबले, तर वरच्या वळणावर आमचे सेक्रेटरी वायरमनला सांगतायत, "तिसऱ्या मजल्यावरचा तो पंखा उद्या उतरवायचा. बाईंना आधी कळू देऊ नका, नाहीतर त्या..." आणि दार बंद! नाहीतर त्या काय? तुम्हाला सांगते, त्या अर्धवट वाक्यानं माझी झोप उडवली. पण मीही ठरवलं, पंखा माझा, भिंत माझी, बघतेच कोण हात लावतंय ते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्या पंख्यात? साधा एक्झॉस्ट फॅन, स्वयंपाकघराच्या भिंतीतला. त्याच्यामागे डक्ट, म्हणजे सगळ्यांच्या स्वयंपाकघरांमागून तळापासून गच्चीपर्यंत गेलेला तो काळोखा बोगदा. लोकांचे पंखे घरातला धूर तिकडे फेकतात, आमचा तिकडचा आत ओढतो. कारण तो बसवला आमच्या ह्यांनी! मी म्हटलं, अहो, उलटा नाही ना बसला? तर म्हणे, "पंख्याचं तोंड माणसांकडे असतं. घरच्यांकडे पाठ करून बसलेला पंखा कुठे पाहिलायस?" झालं. तेव्हापासून अख्ख्या इमारतीचा धूर माझ्या ओट्यावर. खोकला जडला, मान्य. पण कळतं किती! शेजारचा लसूण जळला की समजायचं, सासूसुनेचं बिनसलंय. वरून सिगारेटचा वास आला की सेक्रेटरींची बायको माहेरी. मी काही कुणाला सांगत नाही हं. विचारलं तरच सांगते.

पण मागे एका दुपारी दूध करपल्याचा वास आला, आणि तो खालच्या आजींकडचा. आजी एकट्या, कानानं कमी, आडव्या झाल्या की जग बुडालं तरी उठायच्या नाहीत. त्यांची किल्ली माझ्याकडे असते, धावले, तर भांडं काळंठिक्कर, घरभर धूर आणि आजी गाढ झोपेत. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिथेच फतकल मारली. आता बोला, हा पंखा गेला तर आजींकडे लक्ष कोण ठेवणार? सेक्रेटरी? ज्यांना स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडत नाही, ते? छट्. पंखा माझा, भिंत माझी.

तर जिन्यात ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ओट्यासमोर स्टूल टाकून बसले, हातात लाटणं. मारायला नाही हो, धीर यायला. आले दोघं. वायरमन म्हणतो, ताई, जरा सरकता का? म्हटलं, नाही सरकत. तेवढ्यात मागून, जिना चढून, भिंत धरत धरत, धापा टाकत कोण यावं? आजी!

"सरक बाजूला. मीच सांगितलंय त्यांना, तो पंखा सुलटा करा म्हणून. तुझा खोकला मला ऐकू येतो गं. मला! म्हणजे बघ."

मी विचारलं, आणि तुमचं दूध?

"लेकानं धूर झाला की बोंबलणारं यंत्र पाठवलंय. मला नाही यायचं ऐकू, पण तुला येईल. किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

सरकले मग. काय करते? पंखा उतरला हे खरं, पण तासाभरात तोंड फिरवून परत चढलाही. जाताना सेक्रेटरींना अडवलंच मी, म्हटलं, 'नाहीतर त्या' काय, ते सांगून जा. माझ्या हाताकडे बघत म्हणतात, "नाहीतर त्या लाटणं घेऊन बसतील."

खोकला गेला. पण परवा हेच सगळं बहिणीला फोनवर सांगत होते आणि माझंच दूध करपलं, सुलट्या पंख्यानं धूर थेट डक्टमध्ये! मी ओट्यापाशी पोचायच्या आत दारात सेक्रेटरींची बायको, तिच्यामागे शेजारच्या सासूसुना, दोघी एकत्र, आणि हसतायत. पंखा माझा, भिंत माझी, पण वास आता सगळ्यांचा. कुणी कुणाला सांगितलं मात्र नाही हं. विचारलं तरच सांगतायत.