डोकं खाली, पाय वर

धोंडूबाई : तो पेपर मला नका दाखवू, बाई. मला वाचता येत नाय. माझ्या नातीनं काय केलं ते तोंडानं सांगा.

स्वप्ना मॅडम : आधी बसा ना, आजी. घाबरण्यासारखं काही नाही. घटक चाचणीत एक प्रश्न होता. आईच्या पोटात नवव्या महिन्यात बाळ कसं असतं, त्याची आकृती काढा. खुशीची चुकली, म्हणून मी शून्य दिलं. तर ही भर वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, चूक तुमची आहे.

खुशी : मॅडम, मी असं नाही बोलले! मी म्हटलं, आकृती बरोबर आहे, पाहिजे तर आमच्या आजीला विचारा.

स्वप्ना मॅडम : एकच झालं. सगळा वर्ग हसायला लागला.

खुशी : कल्पेश तर बाक बडवून हसला. म्हणे, आता पेपर तपासायला आजीकडेच पाठवू या.

धोंडूबाई : माझ्यावर हसला?

खुशी : तुझ्यावर, माझ्यावर, दोघींवर.

धोंडूबाई : बरं. कुठाय ते चित्र?

स्वप्ना मॅडम : हे बघा. हिनं बाळाला डोक्यावर उभं केलंय. आणि हा भिंतीवरचा तक्ता बघा. दहा वर्षं झाली इथे लावून. डोकं वर, पाय खाली. कसं व्यवस्थित बसलंय.

धोंडूबाई : कोनी काढलाय?

स्वप्ना मॅडम : आमच्या प्रल्हाद सरांनी, चित्रकलेच्या.

धोंडूबाई : हात चांगला हाय मानसाचा. पोराची बोटं पन झकास काढलीत. फक्त बाळंतपन कधी बगितलेलं नाय त्यानं.

स्वप्ना मॅडम : खुशी म्हणाली, तुम्ही पूर्वी सुईण होता.

धोंडूबाई : होता नाय, हाय. आता आमच्या गास गावात कोन बोलवत नाय, सगळ्या नर्सिंग होमला जातात, ती गोष्ट वेगळी. चाळीस वर्सं केलं मी. वर्साला दहा धरा. हिशेब तुमी करा.

स्वप्ना मॅडम : चारशे.

खुशी : मॅडम गणिताच्या आहेत, आजी. सायन्सच्या मॅडम रजेवर गेल्या ना, म्हणून हा धडा ह्यांच्याकडे आला.

धोंडूबाई : कसली रजा?

खुशी : बाळंतपणाची!

धोंडूबाई : घ्या. जिला ठाऊक ती घरी बसलीय.

स्वप्ना मॅडम : तुम्ही हसा, पण मी काही डोळे मिटून शून्य दिलेलं नाही. पुस्तकात पोटातल्या बाळाचं चित्र नाही, म्हणून तक्ता बघितला. आणि तक्ताही सोडा, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. अठ्ठ्याण्णव साल आहे, आजी, हल्ली सोनोग्राफीत सगळं दिसतं. माझ्या सुमेधच्या वेळी नववा सरत आला होता, डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. डोकं वर होतं. इथे, बरगड्यांखाली. हाताला टणक लागायचं.

धोंडूबाई : मग सुटका कशी झाली?

स्वप्ना मॅडम : सिझर.

धोंडूबाई : का?

स्वप्ना मॅडम : डॉक्टर म्हणाले, करावं लागेल. मी जास्त विचारलं नाही. आपण खुशीबद्दल बोलत होतो ना?

धोंडूबाई : तिच्याबद्दलच बोलतेय. तुमचं पोर पायाळू होतं, बाई.

स्वप्ना मॅडम : पायाळू कसं असेल? पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी येतात ते.

धोंडूबाई : आनि पाय आधी कधी येतील?

स्वप्ना मॅडम : पाय खाली असतील तर.

धोंडूबाई : मग डोकं कुठं?

स्वप्ना मॅडम : ...वर.

धोंडूबाई : माझ्या चारशेत पायाळू निघाली बारा-तेरा. तुमच्या तक्त्यासारखी सगळीच बसली असती, तर सगळं गाव पायाळू झालं असतं. कुनाच्या पाठीत उसन भरली की ती काढायला लाथ मारनारा पायाळू शोधत कशाला हिंडलो असतो आमी?

खुशी : मॅडम, हेच! अगदी हेच मला सांगायचं होतं!

स्वप्ना मॅडम : थांब, थांब. पायाळू म्हणजे पाय आधी. पाय आधी म्हणजे डोकं वर. पायाळू फार थोडे. म्हणून डोकं वर असलेली बाळंही फार थोडी. अगं बाई, हे तर सिद्धच झालं.

धोंडूबाई : सातव्या महिन्यापर्यंत पोर कसंही फिरतं. मग बहुतेक जनं डोकं खाली घेतात. डोकं निघालं की बाकीचं अंग पाठोपाठ येतं. वर टनक गोल लागलं, तर मी हात घालत नाय. सरळ टेम्पो काढायला लावते आनि वसईच्या दवाखान्यात धाडते. दोनदाच तेवढा वेळ नव्हता. दोन्ही पोरं जगली.

स्वप्ना मॅडम : आजी, एक सांगू? तीन वर्षं झाली, आमच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, सुनेनं कळा सोसल्या नाहीत, सोपं म्हणून कापून घेतलं. मलाही वाटायला लागलं होतं, आपल्यातच काही कमी असेल.

धोंडूबाई : काय कमी नव्हतं, पोरी. पोर तसं बसलं, डाक्टरनं बरोबर केलं. सासूला माझ्याकडं पाठव. मी समजावते.

खुशी : मॅडम, प्रल्हाद सरांना मी काल विचारलं होतं. ते म्हणाले, एका जुन्या पुस्तकात बाळ डोक्यावर उभं छापलं होतं. छपाईची चूक म्हणून त्यांनीच सुधारून काढलं.

स्वप्ना मॅडम : सुधारून! आण इकडे तो पेपर. तीनपैकी तीन.

धोंडूबाई : हितं नको, बाई.

स्वप्ना मॅडम : का?

धोंडूबाई : पोरं वर्गात हसली. मार्कपन वर्गातच द्या.

स्वप्ना मॅडम : मग तुम्ही पण चला. मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा. पुढचा तास माझाच आहे.

धोंडूबाई : मी? अंगठा लावनारी बाई मी, शिकल्यासवरल्या पोरांपुढं काय बोलू? खुशे, तू सांग ना मॅडमना. उद्या तुला चिडवतील. लाज वाटेल तुला.

खुशी : लाज? आजी, सगळा वर्ग हसत होता तेव्हा तुझं नाव कोणी घेतलं? मी. परत घेईन. पदर नीट कर आणि चल.

(नववी ब. सगळा वर्ग उभा राहतो.)

स्वप्ना मॅडम : खुशीची आकृती बरोबर होती. तपासताना मी चुकले. पोटातलं बाळ कसं असतं ते आज ह्या सांगतील. चाळीस वर्षं ह्यांनी तेच काम केलंय. खुशी, ओळख करून दे.

खुशी : ह्या धोंडूबाई. माझी आजी.

धोंडूबाई : बसा रे, बसा. माझ्यासाठी उभं काय ऱ्हायचं? तुमच्यातल्या काही जनांना तर सगळ्यांच्या आधी मीच बगितलंय.