हेस्टरची मापं

लेटिस : खोकं इकडे आण, हेस्टर. पलंगावर ठेव.

हेस्टर : ताई, डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलंय.

लेटिस : मी वाचले, असंही त्यांनीच सकाळी सांगितलं. तू दाराशी पाठमोरी उभी होतीस. तुझा चेहरा मला दिसला नाही.

हेस्टर : मी देवाचे आभार मानत होते.

लेटिस : मानले असशील. खोकं घेऊन शिंपीणबाई स्वतः आल्या होत्या. मला उशांना टेकून बसलेली बघितलं आणि त्यांचा रंगच उडाला. खोकं ठेवून निघून गेल्या बिचाऱ्या. काळा पोशाख आहे आत, तुझ्या मापाचा.

हेस्टर : ताई, आजारपण लांबलं की सगळेच आधी शिवायला टाकतात. ऐनवेळी यॉर्कहून काळं कापड येत नाही. आईच्या वेळी आपणही टाकलं होतं.

लेटिस : टाकलं होतं. बहिणीचा दुखवटा सहा महिन्यांचा, त्याला काळा. मग त्याच्याखाली हा जांभळा कशाला? इतकी घाई होती?

हेस्टर : दुखवटा उतरवताना घालतात ना.

लेटिस : आईच्या वेळी मापं द्यायला आपण दोघी गेलो होतो. आता तीन आठवडे तू या खोलीबाहेर पडली नाहीस. मापं कोणी दिली?

हेस्टर : (खोक्याचं झाकण लावत) ताई, तू आधी पड बघू.

लेटिस : आत चिठ्ठी आहे. 'साहेबांनी दिलेल्या मापांप्रमाणे.' अकरा वर्षं संसार केला, पण गिल्बर्टला माझ्या हातमोज्याचं माप सांगता यायचं नाही.

हेस्टर : मला लाज वाटते, ताई. तुझ्याकडे बघवत नाही.

लेटिस : बायको गेल्यावरही मेहुणीशी लग्न इथं इंग्लंडात कायद्यात बसत नाही, हे त्याला ठाऊक आहे ना?

हेस्टर : परदेशात जाऊन लावू म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. इथंच बसले होते, तुझा हात हातात धरून. पण तू जावीस असं कधी मनात आणलं नाही. शप्पथ.

लेटिस : रडू नकोस. खाली ऐकू जाईल.

हेस्टर : (वाटी उचलून) सूप निवतंय. मीच केलंय. थोडं घे.

लेटिस : तीन आठवडे तू भरवलंस आणि मी डोळे मिटून प्यायले. आज पहिला चमचा तू घे.

हेस्टर : ताई...

लेटिस : घे.

हेस्टर : घेतला. हे बघ, गिळला. आता भरवू?

लेटिस : बस इथंच. थोडा वेळ जाऊ दे.