आईनं वाळवलेले धने

तुमाला सांगतो, पण आबांच्या कानावर जाऊ देऊ नका. मी डिस्टिलरीत जिन काढतो, हे घरात फक्त बायकोला ठाऊक हाय. आमचे वडील, आबा, माळकरी. त्यांना वाटतं, पोरगा औषधाचं स्पिरिट काढतो.

जिन म्हंजे काय, तर मळीपासनं काढलेल्या बिनवासाच्या स्पिरिटात जुनिपरची काळी फळं, धने, संत्र्याची साल घालून ते परत उकळायचं. त्यांचा वास वाफेबरोबर वर जातो. ती वाफ गार केली की झाली जिन. मागं उरलेला चोथा मी पोत्यात भरून पणदऱ्याला घरी आणला, खताला.

आठवड्यानं जेवताना आई म्हणाली, "तुझ्या पोत्यातले धने निवडून, धुवून, वाळवून मसाल्यात घातले. सोन्यासारखे धने उकिरड्यावर टाकतोस व्हय?"

माझा घास हातातच राहिला. आबांनी आमटीचा भुरका मारला आणि थांबले. मग वाटी नाकाला लावली. दारूचा वास आला म्हणून त्यांनी सख्ख्या भावाला पंगतीतनं उठवलं होतं. बायको मान वर करंना.

"धने कुठनं आणलेस?"

"फॅक्टरीतनं, आबा."

"तितं धने कशाला लागत्यात?"

"औषधाला."

आबांनी वाटी खाली ठेवली. "तरीच! सगळा वास तुमच्या औषधात गेलाय, आन् आमच्या आमटीत नुसता भुसा. उद्या ते औषधच आण. चमचाभर घालू आमटीत."