मागावर कोन बसन?

(मोहाडी, १९८८. विणकराच्या घरातली पुढची खोली. एका कडेला खड्ड्याचा माग, बंद पडलेला. चंद्रभान नुकताच नागपूरहून परतला आहे.)

शेवंताबाई : ...तं मुंडकं खाली घालून कायले बसले? पान्याचा गिलास तसाच आहे समोर.

चंद्रभान : पेतो.

शेवंताबाई : पेतो म्हनता अन् पेत नाही. काढून टाकलं काय कंप्युटरच्या क्लासातून?

चंद्रभान : काढलं असतं तं बरं झालं असतं. शेवंता, माहं चित्र गेलं. सारंच्या सारं.

शेवंताबाई : गेलं म्हंजे? चोरलं कोनं?

चंद्रभान : मीच घालवलं. मागच्या रविवारी मास्तर लग्नाले गेला होता. दिवसभर एकटा बसून काढलं. सांजच्याले पाठ भरून आली, उठलो, बटन बंद केलं अन् गावाची मोटर धरली. आज जाऊन मशीन लावलं तं पडदा काळा.

शेवंताबाई : बाप्पा! बटन बंद केल्यानं चित्र कसं जाईन?

चंद्रभान : मीही तेच म्हटलं मास्तरले! मागावरून उठलं तं कापड कुठं जाते काय? सकाळी येऊन बसा, धोटा जिथं ठेवला तिथंच. त्या मशीनले सांगा लागते म्हने, हे जपून ठेव म्हनून. नाही सांगितलं तं ते पुसून टाकते. दर खेपेले मास्तरच बंद करे, मले कायचं ध्यानात राहते! इतके वर्स विनलं, केलेलं काम ठेव बाप्पा म्हनून कवा कोनाले हात जोडले नाही. अन् क्लासातले पोट्टे हासून राहिले. अस्सा राग आला, वाटलं डब्बा उचलून रस्त्यावर फेकावं.

शेवंताबाई : मंग आता?

चंद्रभान : आता काय! पुढच्या रविवारी जाहिरातवाला साहेब येनार. ज्याचं चित्र पडद्यावर नीट हालन, त्यालेच कामावर ठेवन. मास्तर म्हनते, हप्ताभर रोज ये, मशीन रिकामंच आहे, होऊन जाईन. रोज कसा जाऊ? इथं माग आंधीच बंद, विनकर सोसायटीवाले...

केवळराम : चंद्रभान, आहेस काय रे घरात?

शेवंताबाई : या केवळरामभाऊ. सोसायटीचे पंचच आले दारात, म्हंजे काही खरं नाही.

केवळराम : पंच म्हनून नाही बाई, शेजारी म्हनून आलो. हे सुताचं पुडकं आनलं. आज सभेत ठराव झाला. माग सोसायटीचा आहे. ज्याच्या घरी बंद राहीन, त्याच्या घरून उचलाचा. मी उठून सांगितलं, उद्यापासून चंद्रभान बसते. शब्द देऊन आलो.

चंद्रभान : माह्या नावानं शब्द तुमी काहून देल्ला?

केवळराम : अरे, दिवाळीपासून धोटा हालला नाही तुह्या घरी! पंचेचाळिशीचा मानूस तू, पोट्ट्याईच्या मधात बसून चित्रं नाचवाले शिकून राहिला. गावात लोक काय म्हनतात, आयकाचं आहे?

चंद्रभान : तुमच्याच घरच्या टीव्हीत पाहिलं मी पहिल्यांदा. अक्षरं उडत आले, फिरले, अन् बसले जागेवर. मी म्हटलं हे कोन करत असन? तवापासून दुसरं सुचत नाही मले. भाऊ, बापानं मागावर बसवलं म्हनून बसलो, कोनी इचारलं नाही. हे पहिलं काम आहे जे मले आवडते. अन् तेही माह्याच हातानं पुसलं. ठेवा ते सूत. बसतो उद्यापासून. खतम झाली गोष्ट.

शेवंताबाई : होतं काय चित्रात?

चंद्रभान : आता कायले इचारतेस? गेलं ना ते.

शेवंताबाई : सांगा तं.

चंद्रभान : तू होतीस. चरख्याजवळ बसून सुताच्या कांड्या भरून राहिली होतीस. चाक फिरे, तुहा हात वर जाये, खाली ये. एवढासा हात हालवाले डझनानं चित्रं काढा लागते. पन हालला, शेवंता. खरंच हालला.

शेवंताबाई : वा रे वा! इथं जलमभर बसली हात हालवत, तवा कोनी मान वर करून पाहिलं नाही. अन् डब्ब्यात हालला तं नवल!

चंद्रभान : तसं नाही...

शेवंताबाई : तसंच आहे. केवळरामभाऊ, माग चालला पायजे एवढंच ना ठरावात? कोन चालवन ते लिवलं आहे काय?

केवळराम : म्हंजे?

शेवंताबाई : ठेवा सूत. मी बसतो मागावर.

केवळराम : काहीतरीच! आपल्यात बाई मागावर बसते काय? ताना करावं, कांड्या भराव्या. धोटा मानसाच्या हातात.

शेवंताबाई : मानसाचा हात रिकामा नाही आता. पहिलं लुगडं वाकडं येईन, दुसरं सरळ येईन.

केवळराम : वाकडं लुगडं सोसायटी घेत नाही.

शेवंताबाई : मंग मी नेसन.

केवळराम : चंद्रभान, तू बोल ना काही!

चंद्रभान : काय बोलू? मले सकाळची पहिली मोटर आहे नागपूरची. शेवंता, अन् रविवारी त्या साहेबानं मले नाही घेतलं तं?

शेवंताबाई : तं घरी या अन् माह्या कांड्या भरा. रडत नोका बसू. सरका, उतरू द्या मले खड्ड्यात.

केवळराम : सभेत काय सांगू मी?

शेवंताबाई : माग चालू आहे म्हना. खोटं थोडीच आहे? ...अवो, इकडं पाहा. माहे पाय पोचत नाही पावडीले. दोरी आखूड करून द्या.

चंद्रभान : आखूड केली तं मले नाही बसता येनार मंग.

शेवंताबाई : मालूम आहे. करा.