भिंगरी, हलू नकोस

हॅलो?… हां ताई, बोल. पटकन बोल पण, मी वर्कशॉपमध्ये आहे…

कोण, भिंगरी? इथेच आहे की, पलीकडच्या खोलीत… नाही उचलणार ती फोन. अगं, म्हणजे उचलता येत नाहीये… नाही, नाही! हात मोडलेला नाही! तिला हलता येत नाहीये म्हणून… ताई! आधी ऐकून तर घे!

झालं. आता रडायला काय झालं? धडधाकट आहे तुझी लेक. पिशवीत बसलीय.

…हो, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मीच बसवलंय. मावशी असले म्हणून काय झालं, कामच आहे माझं… अगं, रेसच्या गाडीतच बसलीय. पाठीमागे मोठी पिशवी ठेवायची, त्यात रसायन ओतायचं. ते फुगतं, अंगाभोवती बसतं आणि घट्ट होतं. त्या साच्यावरून सीट करायची. ज्याची त्याला, दुसऱ्या कुणाला ती होत नाही. आणि घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

पडला ना जीव भांड्यात? मग ठेवू?

…काय? राखीव ड्रायव्हरला कशाला नवी सीट?

तू ना ताई, नको तिथे हुशार आहेस.

…हो, इतके दिवस दुसऱ्याच्याच सीटमध्ये बसायची, मागे टॉवेल कोंबून. हो… हो… मी काही बोलले नाही हं! तूच बोललीस! अजून जाहीर व्हायचंय, आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. भाऊजींनासुद्धा सांगू नकोस…

स्पीकरवर आहे? अगं!… नमस्कार भाऊजी. हो, मजेत.

अहो, थोरल्या टीमनं आमचा ड्रायव्हर नेला ना काल. त्यांचा एक सोडून गेला, म्हणून आमचा उचलला, आणि त्याच्या जागी आता आपली भिंगरी… नाही हो, भांडण कसलं, मालक एकच. आमचं कामच ते. कच्ची पोरं घ्यायची, शिकवायची, त्यांच्या चुका आमच्या गाड्यांवर होऊ द्यायच्या. आणि नीट चालवायला लागली, की थोरल्यांकडे पाठवायची. त्यांनी कप मिरवायचे, आम्ही टाळ्या वाजवायच्या. आम्ही म्हणजे माहेर, भाऊजी. काल तो स्वतःची सीट काखोटीला मारून निघाला, तेव्हा टाळ्या वाजवल्या आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले मी.

…हं, मार टोमणे, ताई. धाकट्यांचं दुःख तुला काय कळणार? तू थोरली. तुझे फ्रॉक मला यायचे ना, तसे त्यांचे मागच्या वर्षीचे गिअरबॉक्स आम्हाला येतात. पण परवाच्या रेसमध्ये आमची गाडी त्यांच्या एका गाडीच्या पुढे होती, सांगून ठेवते! तुझाच फ्रॉक मला जास्त शोभायचा, तसं… शोभायचा! आईला विचार!

बरं ते जाऊ दे. तू आता तिला फोन करू नकोस. सकाळचा साचा तुझ्यामुळे वाया गेलाय… थट्टा नाही गं. ‘खिसे रिकामे करा’ म्हणून सगळ्यांवर ओरडते मी, आणि भाची म्हटल्यावर मीच विसरले. दोघींनाही आनंदात भान नव्हतं. फोन राहिला तिच्या मागच्या खिशात. त्यात तू एकामागून एक फोन करतेस, तो थरथरतो, आणि ही गुदगुल्या झाल्यासारखी हसते! साचा काढला, तर मधोमध फोनएवढा खड्डा. अख्खं वर्कशॉप बघून गेलं.

हस, हस. आता रसायन संपलंय. हा शेवटचा साचा. संध्याकाळी गाड्या ट्रकवर चढतात. हाही बिघडला, तर पोरगी पहिल्या रेसला परत टॉवेल कोंबून बसेल.

…कशासाठी करत होतीस फोन?

…हं.

…हो, तू तिच्यासाठी तिकडे बघून ठेवलेल्या नोकरीचं कळलंय मला. तिलाही कळलंय. आई ‘परत कधी येतेस’ म्हणेल, म्हणून तर घेत नव्हती तुझे फोन.

…काय? मला भीती नाही वाटत?

वाटते ना. मलाही भीती वाटते. प्रत्येक रेसला वाटते, खोटं कशाला बोलू? म्हणून तर तिची सीट दुसऱ्या कुणाला करू दिली नाही.

…आत्ता? अगं, तिला बोलता येणार नाही. तोंडसुद्धा हलवायचं नाही… बरं. बरं, थांब, जाते आत. पण तिला हसवू नकोस. आणि रडवू तर मुळीच नकोस. खांदे हलले की गेलं सगळं. सकाळपासून नुसती चुळबुळ चाललीय तिची, आधीच माझा जीव टांगणीला.

भिंगरे, आई आहे. बोलायचं नाही! मान हलवायची नाही! मी कानाला लावते… बोल गं ताई.

…

…

हॅलो? हां, मीच… काय म्हणालीस तू तिला?

…‘नीट बस’? एवढंच?

अगं, सकाळपासून मी दुसरं काय सांगतेय! माझं एक अक्षर ऐकलं नाही कार्टीनं… नाही. नाही हलली. अजिबात नाही. मी हात लावून बघितलं, घट्ट होत आलंय. डोळ्यांतून पाणी तेवढं वाहतंय, तिला पुसता येत नाहीये. थांब, मीच पुसते.

…हो, रविवारी. सगळ्यांनी बघा. आमच्या दोन गाड्यांतली मागची… आता ठेवते गं, माझेही हात ओले झालेत.